चार बोटं खाली

पाऊस मागे हटला की आमच्याकडचे जांभ्या दगडाच्या कुंपणांचे गडगे रंग बदलतात. श्रावणात त्यांच्यावर चढलेलं मऊ हिरवं शेवाळ आश्विनात तपकिरी होतं, मग काळं पडतं, आणि एक दिवस जाता जाता हात टेकावा तर तळव्याला त्याची भुकटी लागते. ती लागली की मला कळतं, ते दिवस आले. कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही या दिवसांत पुस्तकं उन्हाला काढतो. चार महिने दमट हवा पिऊन फुगलेले ग्रंथ गच्चीवर सतरंजीवर उघडे ठेवायचे आणि तासातासाने पानं उलटायची. मी त्यांच्यामध्ये स्टूल टाकून बसतो. खाली कुठेतरी भात कापलेलं असतं, त्याचा ओलसर गोड वास वर येतो. समुद्राकडून वारा म्हणून नसतो. ऊन असं, की चष्म्याच्या काड्या कानामागे चटका देतात.

आणि तहान लागते. या दिवसांतली तहान वैशाखातल्या तहानेपेक्षा वाईट, कारण आजूबाजूला अजून पाणी दिसत असतं. विहिरी काठोकाठ असतात, पऱ्ह्या-ओढ्यांना धार असते, आणि घसा मात्र कोरडा. मी गच्चीवर तांब्या नेतो. तोंडाला लावतो आणि दोन घोट घेऊन खाली ठेवतो. तिसरा घोट तीन वर्षं झाली घशाखाली नीट उतरत नाही.

मुश्ताक माझा शाळेपासूनचा मित्र. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला, होडीवाल्याचा मुलगा. मी बुटका, पुस्तकात नाक खुपसून बसणारा. तो उंच, लांब पायांचा, वर्गाच्या खिडकीतून समुद्रात किती लाँची आहेत ते मोजणारा. बावीस वर्षांचा असताना आखातात गेला आणि तीसएक वर्षं तिथे उन्हात लोखंडी सांगाडे उभे करून परत आला तो मूत्रपिंडं निकामी करून. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याला डायलिसिसच्या मशीनवर जावं लागे. उरलेल्या दिवसांना तो ‘मधले दिवस’ म्हणायचा. मधल्या दिवशी सकाळी अंगात थोडी ताकद असे, ती दुपारपर्यंत पुरे. प्यायला अख्ख्या दिवसाचं मिळून स्टीलच्या एका लहान भांड्यातलं पाणी. त्याची बायको रेहाना ते सकाळी भरून फळीवर ठेवायची. तो ते प्यायचा नाही, नुसतं जिभेला लावायचा, आणि फारच झालं तर बर्फाचा खडा गालात धरून बसायचा. मी ग्रंथालयात जाण्याआधी त्याच्याकडे जायचो. चालून तापलेला असायचो, रेहानाभाभी तांब्या पुढे करायची. मी संकोचाने दुसरीकडे तोंड करून प्यायचो. तो हसायचा.

“इकडे बघून पी रे मास्तर. माझ्या वाटचं पण पी.”

मी कधी मास्तर नव्हतो. पण पुस्तकं सांभाळणारा म्हणजे मास्तरच, हे त्याने शाळेतच ठरवून टाकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी गणपती गेल्यावर चार-आठ दिवसांनी त्याने मागच्या पडवीत वर टांगलेली सायकल खाली काढायला सांगितली. सायकल म्हणजे काय, सांगाडाच. आखातातून पहिल्यांदा रजेवर येताना त्याने ती आणली होती. तिथल्या एका साहेबाने देश सोडताना त्याला दिलेली, डोंगरात चालवायची सायकल. जाड टायर, सरळ हँडल, गिअर. वांग्याच्या रंगातून हळूहळू मोरपिशी होत जाणारी फ्रेम. तेव्हा रत्नागिरीत असं काही कुणी पाहिलं नव्हतं. एसटीच्या टपावरून ती उतरवली तेव्हा स्टँडवरच्या हमालांनी तिला हात लावून बघितला होता. पुढे तो परत गेला आणि सायकल घरी राहिली. चाकं कुणी तरी बर्फाच्या हातगाडीला लावून संपवली, ब्रेकच्या तारा गेल्या, चेन गंजून तुटली. उरली फ्रेम, पुढचा चिमटा, हँडल, आणि फाटक्या रेक्झिनची सीट, तिच्या पाइपासकट.

त्या पहिल्या रजेतले दोन महिने मला आठवतात. तो मला पुढच्या दांडीवर बसवून सड्यावर, वरच्या उघड्या माळावर न्यायचा. शहरातून वर जाणारा घाटीचा रस्ता तेव्हा कच्चा होता. लाल मातीत टायरचा फरफर आवाज यायचा, गिअर बदलला की खाली खट्ट व्हायचं, आणि त्याचा श्वास माझ्या मानेवर लागायचा. मी म्हणायचो, उतरतो, चालत येतो. तो म्हणायचा, बस गप. वर पोचलो की सपाट कातळ. दूरपर्यंत पिवळं होत आलेलं गवत, मध्ये मध्ये काळा जांभा, झाड एकही नाही. सडा जिथे संपतो तिथे एकदम कडा आहे आणि खाली समुद्र. कड्याच्या अलीकडे तो पायडल मारणं थांबवायचा आणि सायकल आपली आपण जात राहायची, हळू हळू होत, अगदी टोकाशी येऊन थांबायची. कुठे पायडल सोडायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. मी डोळे मिटून घ्यायचो. उघडले की खाली मिरकरवाड्याच्या लाँची मुंग्यांएवढ्या दिसत.

आता त्याला तेवढंच हवं होतं. घाटी चढायची नव्हती, ते शक्य नाही हे त्यालाही कळत होतं. तीन चाकी टेम्पोत सायकल घालायची, दोघांनी बसायचं, वर जाऊन उतरायचं. मग सपाटीवर थोडे पायडल मारायचे आणि शेवटचा तुकडा सोडून द्यायचा. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. रेहानाभाभीला त्याने सांगितलं की सायकल दुरुस्त करून भाच्याला द्यायची आहे, आणि तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं. माझ्यापाशी मात्र त्याने एकदाच, फार सरळ सांगितलं की दिवाळी झाली की आपल्याला पायडलवर पाय ठेवता येईल असं वाटत नाही. पायांची कशी काडी होत चालली आहे ते त्याने लुंगी वर करून दाखवलं. मी बघितलं. दिवाळीला सहा आठवडे होते.

पुढचे पाच आठवडे मला एकाच उन्हात भिजलेले आठवतात. पडवीत जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, तो भिंतीला टेकून खुर्चीत, मी खाली मांडी घालून. काम माझ्या हातांनी आणि अक्कल त्याची. माझ्या हातांना पाना कसा धरायचा ते माहीत नव्हतं. पुस्तकाच्या पाठीला खळ लावण्यापलीकडे त्यांनी काही केलेलं नव्हतं. भंगारवाल्याकडे दोन चाकं मिळाली, त्याच मापाची, एक काळं आणि एक चंदेरी. आरे वाकलेले. चाकाचा आउट कसा काढायचा ते त्याने मला शिकवलं. चाक फिरवून सोडायचं, खडूचा तुकडा कडेला स्थिर धरायचा, जिथे खडू लागेल तिथला आरा पाव फेरा सैल करायचा आणि समोरचा पाव फेरा आवळायचा. तिसऱ्या सकाळी चाक खडूला न लागता फिरलं. आम्ही दोघंही ते थांबेपर्यंत बघत राहिलो. आरे फिरताना दिसेनासे होतात आणि हळू झाले की एकेक परत दिसायला लागतात. एवढं साधं काही मी पन्नाशी उलटेपर्यंत नीट पाहिलं नव्हतं.

पायडलच्या मधल्या एक्सलचे छर्रे बदलताना डबी माझ्या हातून सुटली. छर्रे अंगणात घरंगळले. भाभीची तांबडी कोंबडी धावत आली आणि आम्ही ओरडेपर्यंत तिने एक टिपला. मुश्ताक इतका हसला की त्याला धाप लागली, भाभी आतून पळत आली. तो श्वास सावरत म्हणाला की आता अंडं येईल ते बेअरिंगवर फिरत येईल. भाभी मला म्हणाली, “भाऊ, तुम्ही पुस्तकंच सांभाळा.” पुढचे कितीतरी दिवस तो रोज कोंबडीची चौकशी करायचा.

हँडलच्या रबरी मुठी विरघळून चिकट झाल्या होत्या. नव्या मी आणणार होतो. त्याने नको म्हटलं, घरातून जाळ्याच्या दोऱ्याचा गुंडा मागवला आणि हँडल मांडीवर घेतलं. लहानपणी अब्बांनी त्याला जाळी शिवायला बसवलेलं. बोटं थरथरत होती, सुईत दोरा मी ओवून दिला. पण गाठ मारायची वेळ आली की बोटं स्थिर व्हायची. एकाला एक लागून बारीक निळ्या गाठी, दोन्ही मुठींवर. त्याला चार सकाळी लागल्या. मधूनमधून तो झोपी जायचा, हँडल तसंच मांडीवर. मी जागं करत नसे.

सीटच्या पाइपाकडे आम्ही शेवटी वळलो, कारण ते सगळ्यात सोपं काम होतं. सीट त्या पहिल्या रजेतल्या मुश्ताकच्या मापाने वर चढवलेली होती. आता त्याला पाय टाकून चढता येत नव्हतं आणि बसल्यावर जमिनीला पाय टेकणं तर गरजेचंच होतं. तोल गेला तर सावरायला. मी खुर्चीशेजारी सायकल धरली, त्याने कमरेशी हात लावून अंदाज घेतला. चार बोटं खाली. बोल्ट सैल करायचा, सीट दाबायची, बोल्ट आवळायचा. मिनिटाचं काम.

बोल्ट सुटला. सीट हलली नाही. मी जोर लावला, मग दोन्ही हातांनी पिळली, मग फ्रेम जमिनीवर आडवी टाकून तिच्यावर पाय देऊन ओढली. काही नाही. मुश्ताकने जवळ मागवून फटीत नख घातलं, नखाला लागलेलं नाकाशी नेलं, पुन्हा पुन्हा हुंगलं. मग म्हणाला, “अब्बा.”

पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात, फळ्यांना माशाचं तेल पाजतात आणि नारळीच्या झापांनी शाकारून ठेवतात. ते तेल काही दिवसांत सुकून फळीवर कातड्यासारखं घट्ट बसतं, खाऱ्या हवेला आत शिरू देत नाही. मुलगा आखातात आणि त्याची सायकल घरात. अब्बांना होडी सांभाळायची ती एकच रीत माहीत होती. दर मे महिन्यात होडीला तेल द्यायचं झालं की उरलेल्या तेलाचा डबा घेऊन ते पडवीत यायचे आणि सायकलला तेल द्यायचे. बाहेरून तर द्यायचेच, पण सीटच्या पाइपापाशी फ्रेमला जी उभी चीर असते तिच्यातून आतही ओतायचे. ते गेले त्या वर्षापर्यंत. म्हणून तीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात टांगलेल्या त्या फ्रेमला आतून गंजाचा ठिपका नव्हता. आणि म्हणून ॲल्युमिनियमचा पाइप लोखंडी नळीत असा बसला होता की दोन्ही कुठे वेगळे होतात ते सांगता येऊ नये.

बंदरावर दत्ता मिस्त्री आहे. लाँचींची इंजिनं उघडतो. सोमवारी आम्ही रिक्षात फ्रेम घालून त्याच्याकडे गेलो. त्याने पाइपावर दोनदा हातोडी वाजवून आवाज ऐकला आणि म्हणाला की हा आता निघायचा नाही, वरून कापतो, आत ब्लेड घालून दोन उभ्या चिरा देतो, पाइप आतल्या आत मुडपून ओढून काढतो, दुसरा घालतो. दुपारी घेऊन जा. मी विचारलं, ब्लेड फ्रेमला लागणार नाही ना.

“लागंल थोडं. मी काय रांगोळी काढाय बसलोय काय मास्तर?”

दत्ताच्या हातात ब्लेड होतं. मुश्ताक डिझेलच्या रिकाम्या पिंपावर बसला होता, दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, नको. एवढी वर्षं अब्बांनी जपलेली फ्रेम, तिला ब्लेड कशाला. मी वाचलंय, दम धरला तर असे पाइप निघतात, तेलाला वेळ द्यावा लागतो. दत्ताने खांदे उडवले. मुश्ताक उठला, पिंपाला धरून सरळ झाला आणि म्हणाला, “मास्तर सांगेल तसं.”

हे वाक्य मी कितीतरी वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात नाराजी होती का? मला ती ऐकू येत नाही. मी शिकलेला, म्हणून मला जास्त कळणार, एवढंच त्यात आहे. त्याने माझ्या वाचनाला आयुष्यभर मान दिला, आणि त्या दिवशी बंदरावर तो मान मी घेतला.

मी खरंच वाचलं होतं. एका ओळखीच्याकडून सायकलदुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक आणलं, इंटरनेटवर परदेशातल्या लोकांचे सल्ले वाचले, वहीत मुद्दे काढले. सगळे जण म्हणत होते, घाई करू नका. झिरपणारं तेल घाला, आठ दिवस थांबा, पिळून पाहा, परत घाला. त्यांच्याकडे आठ दिवस होते. त्यांच्या फ्रेमा महाग होत्या, दुर्मीळ होत्या, आणि त्यांच्यावर बसायला माणसं तयार होती. त्यांचा सल्ला चूक नव्हता. माझ्यासारख्याला पुस्तकातलं बरोबर वाक्य सापडलं की समोरच्या माणसाकडे बघायचं राहून जातं.

आठ दिवस थांबलो. पिळून पाहिलं. परत तेल घातलं. मुश्ताक म्हणाला, “तेलाला काय घाई? त्याला मंगळवारी मशीनवर जायचं नाय.” मी हसलो. तोही हसला.

मग कुठेतरी वाचलं की थंडीने ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त आकसतं. म्हणून एका रविवारी आम्ही पाइपाभोवती फडक्यात बर्फ बांधला. भाभीने फ्रीजमधले सगळे ट्रे रिकामे केले. बाहेर ऊन नुसतं उभं होतं. बर्फ वितळत गेला आणि पाणी फ्रेमवरून, त्या वांगी-मोरपिशी रंगावरून, वर्तमानपत्रावर ठिबकत राहिलं. मी पाइप पिळत होतो, मला दुसरं काही दिसत नव्हतं. एकदा दम घ्यायला मान वर केली तर मुश्ताक पाइपाकडे बघत नव्हता. तो त्या ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत होता. तोंड किंचित उघडं. मी फडकं सोडलं, उरलेला बर्फ पडवीबाहेर झाडाच्या बुंध्याशी टाकला आणि वेळ झाली असं काही तरी पुटपुटून निघून आलो.

तोपर्यंत सायकल बाकी सगळी तयार होती. चाकं सरळ, टायर नवे, चेनला तेल, गिअरचा खटका बरोबर पडत होता, ब्रेक लागत होते. उलटी करून पायडल फिरवलं की मागचं चाक सुंदर सूं करत फिरायचं. नवीन सीट आणून तिच्यावर बसवली होती. ती तशी उभी असली की फार देखणी दिसायची. एकदा तो ब्रेक दाबून तिच्या शेजारी उभा राहिला, एका हाताने माझा खांदा धरून त्याने पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय दांडीपर्यंतही आला नाही. तो पुन्हा खुर्चीत बसला. पायडलवर हात ठेवून म्हणाला, “मास्तर, शेजारच्या पोरीची लेडीज सायकल हाय. तिच्यावर जातो मी. दांडी नाय, सीट खाली.”

मला वाटलं, तो थट्टा करतोय. सहा फुटांचा माणूस आणि टोपली लावलेली गुलाबी सायकल. मी म्हणालो, अजून एक आठवडा, पाइप सैल व्हायला लागलाय. तो सैल व्हायला लागला नव्हता. मला तसं हाताला वाटलं होतं, किंवा वाटावंसं वाटलं होतं. मुश्ताकने पुन्हा त्या सायकलचं नाव काढलं नाही. मी त्या वेळी ‘चल’ म्हणालो असतो तर टेम्पोने वीस मिनिटं लागली असती. तो बुधवार होता, मधला दिवस, सकाळचे साडेनऊ. कातळावर गवत पुरतं पिवळं झालं होतं. मला नंतर कुणी सांगितलेलं नाही हे. मी त्या सकाळी ग्रंथालयाच्या खिडकीतून सड्याकडे बघितलं होतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मशीनवर असतानाच त्याचं हृदय थांबलं. दिवाळीला नऊ दिवस होते.

जनाजा निघाला तेव्हा मी खांदा द्यायला पुढे झालो. सगळे त्याच्या घरातले, सगळे उंच. मी मध्ये शिरलो तर लाकूड माझ्या खांद्याच्या वर राहिलं. टेकेना. मी हात वर करून नुसता तळवा त्याला लावला आणि तसाच चालत राहिलो. वजन काही माझ्यावर आलं नाही. मागच्या माणसाने दोनदा म्हटलं, भाऊ, तुम्ही बाजूला व्हा, दमाल. दमण्यासारखं काही नव्हतं.

चाळीस दिवस झाल्यावर भाभीने बोलावलं. पडवीत सायकल तशीच होती. कुणी तरी तिच्यावर चादर टाकली होती. भाभी म्हणाली, घेऊन जा, अंगणातून येता-जाता आडवी येते. मी तिला विचारलं नव्हतं, पण जायला निघालो तेव्हा ती सुपातले तांदूळ निवडत, वर न बघता म्हणाली की त्या शनिवारी जायच्या आधीही ते विचारत होते.

“काय विचारत होते?”

“तेच. रोजचं. मास्तर आला काय, पाइप निघाला काय.”

त्या शनिवारी सकाळी मी गेलो नव्हतो. पाइपात नवीन तेल घातलेलं होतं, आठ दिवस थांबायचं होतं, मग उगीच जाऊन काय करायचं असं वाटलं होतं. भाभीच्या आवाजात दोष नव्हता. तिने खडा वेचून बाजूला टाकला, दुसरा वेचला. तिला सायकल भाच्यासाठी नव्हती हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही तेव्हाच कळलं.

मला दिलासा देणारे पुष्कळ भेटले. कुणी म्हणालं, शेवटचे दिवस त्याला काही तरी करायला मिळालं. कुणी म्हणालं, सायकल हे निमित्त, त्याला तुझी सोबत हवी होती. मी असली वाक्यं पुस्तकांत वाचली आहेत आणि त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघाही मारल्या आहेत. पण त्याला सोबत हवी असती तर त्याने सोबत मागितली असती. मागायला तो लाजणारा नव्हता. त्याने पाइपाचं विचारलं. त्याला सड्यावर जायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्याने माझ्याकडे मागितली, ती मिनिटाची होती, आणि मी ती जपून, नीट, कुठेही ओरखडा येऊ न देता होऊ दिली नाही.

सायकल माझ्या दारात आली. पहिल्या वर्षी मी तिच्याकडे बघतच नसे. मग कधी तरी, कुठल्या महिन्यात ते सांगता येत नाही, रविवारी सकाळी मी तिच्या पाइपाच्या चिरेत तेल सोडायला लागलो. चार थेंब. पाऊस असो, ऊन असो. पिळून बघत नसे, नुसतं तेल. मग हात धुवून चहा करायचा. असं दोन वर्षं चाललं. यंदा गच्चीवर पुस्तकं टाकली त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, पायरीशेजारच्या गडग्याला हात टेकला, तळवा काळा झाला, आणि एकदम दिसलं की मी अजून वाट बघतो आहे. कशाची ते विचारायची मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत बंदरावर नेली.

दत्ता मिस्त्रीने ओळखली. काही विचारायच्या आधीच त्याने ब्लेड काढलं. मी दोघांसाठी चहा सांगितला. चहा यायच्या आत त्याने पाइप वरून कापून वेगळा केला होता. चहा पिऊन त्याने उघडं ब्लेड फडक्यात धरलं आणि आत घालून ओढायला सुरुवात केली. आवाज बारीक, कोरडा. थोड्या वेळाने वास आला. माशाच्या तेलाचा, होड्यांचा, तीस-पस्तीस पावसाळ्यांचा. दुसरी चीर झाल्यावर त्याने पक्कड लावली, मनगट फिरवलं आणि पाइप बाहेर आला. त्याच्यावर तेलाचं साकळलेलं कातडं होतं, मधाच्या रंगाचं. शेजारी मासळीचा लिलाव चालू होता, बोली चढत होती. माझा कप अजून कोमट होता.

मी वाकून नळीत बघितलं. दत्ताने मोबाइलचा दिवा धरला. ब्लेड लागलं होतं खरं. आतल्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढा एक ओरखडा. नवीन पाइप घातला की तो दिसणारही नव्हता.

नवीन पाइप घालून दत्ताने सीट धरली आणि विचारलं, “किती ठेवू?”

चार बोटं खाली, हे तोंडाशी आलं होतं. कुठून चार बोटं? कुणाची? दत्ताने सीट सोडली. मग त्याने उठून माझ्या कमरेला, हाडापाशी, हाताचा पंजा लावला, कापड बेतताना लावतात तसा, आणि त्या उंचीला सीट उतरवून बोल्ट आवळला. बरीच खाली आली. म्हणाला, बसून बघा. मी बसलो. दोन्ही पाय जमिनीला टेकले. निळ्या गाठी तळहाताला लागल्या. मी पैसे विचारले, तो नको म्हणाला, मी ठेवून आलो.

बंदरापासून घरापर्यंतचा सपाट रस्ता मी ती चालवत आलो. माणसं बाजूला होत होती. सायकल कुठे कुरकुरली नाही, चाक कुठे घासलं नाही.

आता ती दारात उभी असते. टायरमध्ये हवा आहे, ब्रेक लागतात, गिअर पडतात. घाटीचा रस्ता यंदा डांबरी केला आहे आणि टेम्पोवाले सांगाल तेव्हा येतात. सड्यावरचं गवत पिवळं झालेलं ग्रंथालयाच्या गच्चीवरून दिसतं. जायला आता कशाचीच अडचण नाही.